ब्रेक चोख आहेत

वाहन तपासणी केंद्रातल्या निरीक्षकाने गेल्या वर्षी एक जुनी छोटी गाडी ब्रेक न तपासताच पास करून टाकली होती. त्याची जेवायची वेळ झाली होती, एवढंच कारण. आठवड्याभरात त्या गाडीचे ब्रेक उतारावर निकामी झाले आणि चालवणारा जागीच गेला.

यंदा त्या मेलेल्या चालकाची बायको तीच गाडी दुरुस्त करून घेऊन आली. तिला ओळखताच निरीक्षकाने हातातला जेवणाचा डबा बाजूला ठेवला.

"साहेब, या वेळी नीट बघा हं," ती शांतपणे म्हणाली.

त्याने दिवे, टायर, स्टिअरिंग सगळं जीव ओतून तपासलं. कुठेच खोट निघाली नाही. शेवटी ब्रेक तपासायला त्याने गाडी केंद्रामागच्या उतारावर घेतली. तो उतार थेट एका दगडी भिंतीवर जाऊन संपत होता. ती शेजारून चालत होती.

अर्ध्या उतारावर त्याने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाई, ब्रेक एकदम चोख आहेत!"

"आहेतच," ती खिडकीशी वाकून म्हणाली. तिची नजर मात्र त्याच्या पायांपाशी, खालच्या अंधारात गेली. तिचा आवाज घरातल्यासारखा मऊ झाला. "अहो, ऐकलंत का? आलेत बरं ते."

निरीक्षकाच्या पायाला एक थंडगार पाऊल येऊन टेकलं. त्याने ब्रेक सगळ्या ताकदीनिशी दाबून धरला. ते पाऊल मात्र त्याचा पाय हळूहळू, अगदी सवडीने, ब्रेकवरून बाजूला सारू लागलं.