दर पंधरा मिनिटांनी

"नोंदींचा कागद उद्या सकाळी येतो," अधीक्षक गुडपास्टर साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "पाळी संपली की तपासून, सही होऊन, मगच माझ्या टेबलावर. पद्धतच आहे ती."

"उद्या सकाळी माझा कॉर्बिन मोठ्या तुरुंगात असेल," वनीटा स्टॅम्पर म्हणाली. "मग तो कागद काय चाटायचाय मला?"

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातून ती होती तशी धावत आली होती. कमरेला ॲप्रन, त्यावर रश्श्याचा डाग. मांडीवर गुलाबी पुस्तिका होती. पोराला पाइन फोर्कच्या सुधारगृहात ठेवतात तेव्हा पालकांच्या हातात ही पुस्तिका देतात. ती कोणी उघडत नाही. वनीटानं पाठ केली होती.

त्या दिवशी दुपारी सव्वादोनला न्हाणीघरात एका पोराचं डोकं फुटलं. दोघा पोरांनी कॉर्बिनचं नाव घेतलं. सरकारचा नवा नियम असा, की सोळा पूर्ण झालेल्या मुलानं आत मारामारी केली तर अधीक्षकाच्या एका सहीवर त्याच दिवशी त्याची रवानगी मोठ्या माणसांच्या तुरुंगात. कॉर्बिनला सोळा पूर्ण होऊन अकरा दिवस झाले होते. गाडी साडेपाचला यायची होती.

त्याला एक फोन करू दिला होता. "आई, मी खोलीतच होतो गं," तो म्हणाला. "पण मला कोणी पाहिलंच नाही. दिवसभर कुणी फिरकलंसुद्धा नाही. मला तिकडे नको पाठवू देऊस." मग त्याला रडू आवरेना, आणि कोणीतरी फोन काढून घेतला.

पाहिलं नाही म्हणजे काय? वनीटाला पुस्तिकेतलं सातवं कलम तोंडपाठ होतं. मार्चमध्ये कॉर्बिननं स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला होता. अशा मुलावर नजर ठेवायची. दारातल्या झरोक्यातून दर पंधरा मिनिटांनी बघायचं, आणि काय दिसलं ते वेळ घालून लिहायचं. कोणीतरी हळूच डोकावून गेलं, तर त्या खुळ्याला कसं कळणार?

"दुपारी खोल्या उघड्याच असतात, बाई," साहेब म्हणाले. "तो सहज बाहेर गेला असेल."

"म्हणूनच म्हणते कागद बघा. सव्वादोनला तो कुठे होता ते तुमच्याच माणसानं लिहिलंय. नसेल खोलीत, तर मी इथून गुपचूप उठून जाते."

साहेब माणूस वाईट नव्हता. गाडी बोलावली तेव्हापासून त्याचा चहा तसाच गार होत पडला होता. त्यानं उसासा टाकला आणि पाळीवरच्या ड्रेमा कॉलिन्सला कागद घेऊन बोलावलं.

ड्रेमा आली. ती आणि वनीटा रविवारी चर्चमध्ये एकाच रांगेत उभं राहून गातात. वसंत ऋतूपासून सुधारगृहात पहाऱ्याच्या दोन जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे अकरा पोरं ती एकटी सांभाळत होती. एवढं करूनही तिच्या कागदांवर कधी खाडाखोड नसायची, म्हणून तपासणीला येणारे लोक तिचं कौतुक करायचे. आता तिनं कागद छातीशी धरला होता.

"साहेब, माझी पाळी आठला संपते. अजून अर्धवट आहे. सकाळी देते ना व्यवस्थित."

"असू दे अर्धवट. मला दुपारपुरतंच बघायचंय."

"ड्रेमा, दे ना गं," वनीटा म्हणाली. "हात जोडते तुला. तिकडे नाही निभायचा तो."

ड्रेमानं तिच्याकडे पाहिलं. मग कागद टेबलावर ठेवला आणि दारापाशी जाऊन उभी राहिली.

साहेबांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवलं. "दोन: खोलीत, खाटेवर बसलेला. सव्वादोन: खोलीत, भिंतीकडे तोंड करून पडलाय. अडीच: खोलीत." त्यांनी चष्मा काढला. "ड्रेमा, हे तू पाहिलंस?"

"लिहिलंय ना साहेब," ड्रेमा म्हणाली.

साहेबांनी फोन उचलला. "पाइन फोर्कहून बोलतोय. पावणेपाच झालेत, गाडी निघाली असेल तर परत बोलवा. मुलगा इथेच राहणार. हो, फोन धरून थांबतो मी."

वनीटाच्या जिवात जीव आला. ती ॲप्रनमध्ये तोंड खुपसून मनसोक्त रडली. माणसं कमी म्हणून तीन आठवडे भेटी बंद होत्या. पोरगं जेवतं का, झोपतं का, कोणी सांगत नव्हतं. आणि इथे टेबलावर त्याचा अख्खा दिवस लिहून ठेवलेला होता.

"साहेब, पुढचं वाचू का मी? तेवढंच त्याला बघितल्यासारखं होईल."

साहेबांनी रिसीव्हर कानाशी धरूनच कागद तिच्याकडे सरकवला. भिंतीवरच्या घड्याळात अजून पाच वाजायचे होते.

"राहू दे वनीटा," ड्रेमा म्हणाली. "झालं ना काम? घरी जा आता."

"थांब गं, वाचू दे." वनीटा मोठ्यानं वाचू लागली, मधल्या ओळी गाळत, जे आवडेल तेवढं. "साडेतीन: पुस्तक वाचतोय. बघा, पुस्तक म्हणे. घरी कधी हात लावला नाही मेल्यानं. चार: खिडकीशी उभा. साडेचार: खाटेवर, शांत."

तिनं नाक पुसलं, पान उलटलं आणि पुन्हा ओळीवर बोट ठेवलं.

"सहा: जेवला, ताटात काही टाकलं नाही. शहाणं माझं बाळ. पावणेसात: हातपाय धुतले. सव्वासात: गाढ झोपलाय, श्वास नीट चालू आहे."