पलीकडचे तळे

"तरी सांगत होतो, आई, एकटी जाऊ नकोस. बदलू का परतीचं तिकीट?" मुलाने फोनवर विचारले.

"संध्याकाळी सांगते."

हनोईत येऊन दोन दिवस झाले, तरी हॉटेलसमोरचा रस्ता तिला ओलांडता आला नव्हता. स्कूटरींचा लोंढा थांबतच नसे. पलीकडचे तळे मात्र निवांत.

आजही ती कडेला थबकली होती, तेव्हा खांद्यावर फळांची कावड घेतलेल्या एका म्हातारीने तिचा दंड धरला आणि न थांबता, न धावता ती तिला घेऊन लोंढ्यात शिरली. स्कूटरी दोघींना वळसा घालून जाऊ लागल्या. पलीकडे पोचवून म्हातारी आल्या वाटेने परतली.

संध्याकाळी तळ्याकाठून ती एकटीच हॉटेलकडे निघाली. रस्त्याच्या मध्यावर फोन वाजला.

"काय ठरलं, आई?"

"थांब रे जरा," पावलांची लय न मोडता ती म्हणाली, "रस्ता ओलांडतेय."