करडा बर्फ

"हा फोटो काळवंडलाय, पलजोर," गावातले सर्वांत वडीलधारे आजोबा, मेमे तोबदन म्हणाले आणि त्यांनी कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. "मघाचा पांढरा चांगला होता."

पांढरा फोटो सगळ्यांनी पाहिला होता. सकाळी काढलेला, गावावरच्या उताराचा, दुधासारखा. नंतर ढग खाली आले आणि उतार दिसेनासा झाला. पण पांढऱ्याच्या क्षणभर आधी काढलेला फोटो करडा आला होता, आणि त्यात कड्याखाली एक बारीक काळी रेघ आडवी गेली होती. बर्फ तडकला होता, कधीही खाली कोसळला असता. दुसऱ्या फोटोत पलजोरने उजेड वाढवला, त्यात ती रेघ धुऊन गेली.

सणाचा दिवस. मेमेंच्या घरी अख्खं गाव जमलेलं, शेगडीवर मटण रटरटत होतं. सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता नदीपलीकडे चला, असं पलजोर म्हणाला, तेव्हा आधी हशा पिकला. मग त्याचा चुलतभाऊ अंगरूप जवाच्या छांगचा पेला खाली ठेवत म्हणाला, "करडा फोटो खोटा असतो, हे आम्हाला कुणी शिकवलं? आज पानावरून उठवायचंय म्हणून खरा झाला होय?"

शिकवलं होतं पलजोरनेच; कॅमेरा तर तो उशाशी घेऊन झोपायचा. दर हिवाळ्यात तोच सांगत आला होता. एवढं पांढरं पाहून कॅमेरा बावचळतो, बर्फाची राख करतो, म्हणून उजेड वाढवून द्यायचा. लोकांनी मोबाइलवर काढलेले करडे फोटो त्याने हसून हसून पुसायला लावले होते. आता तो सांगू लागला की उजेड जरा जास्तच झाला, चूक पांढऱ्या फोटोत आहे. तो जितकं समजावत गेला, तितके लोक ताटात डोकं घालत गेले. सणासुदीला पेटती चूल सोडून जाणं अशुभ, असं मेमेंनी सांगितलं आणि विषय संपवला.

पलजोरने कॅमेरा तिथेच कोपऱ्यात ठेवला. शेगडीशी बसलेल्या आईला, आमाला, त्याने पाठीवर घेतलं. यांगझोमने बाळाला शालीत गुंडाळलं. नवरा-बायको दार उघडून बर्फात उतरली. पुलापाशी त्याने मागे पाहिलं, तर अख्खं गाव रांगेने येत होतं. अंगरूपच्या हातात मटणाचं पातेलं होतं.

शेवटची म्हातारी पूल ओलांडते न ओलांडते, तोच वर गडगडाट झाला. पांढरा लोट सरकला, तो थेट नदीपर्यंत आला. धुरळा बसला तेव्हा काठची घरं नव्हती. मेमेंचंही नव्हतं.

पलजोरची छाती आत कुठेतरी फुगली होती. मेमेंजवळ जाऊन तो हळूच म्हणाला, "शेवटी पटला ना तो करडा फोटो?"

"फोटो कसला पटतोय," मेमे म्हणाले. "तू कॅमेरा टाकून निघालास, ते पाहिलं आणि आम्ही उठलो."