ताणावरची ओळ

खुशालराव संत्र्याच्या फांदीवर अंगठ्याचं नख ओढतात. सालीखाली हिरवं असलं तर झाड जिवंत. तपकिरी आहे. जरा खाली वाकून बुंध्यावर ओढतात.

तपकिरी.

पुढच्या झाडाकडे जातात. प्रतीक्षा, त्यांची मुलगी, हातात ब्रश धरून बघत राहते. तिच्यासमोर स्टँडवर कॅनव्हास आहे. कॅनव्हासवर याच झाडांची ओळ आहे. ओळीत बाप नाही.

वरूडकडे संत्र्याला फुलं हवी असली की मे महिन्यात झाडांचं पाणी तोडतात. याला ताण देणं म्हणतात. पानं मुडपतात, गळतात. आता आपण मरणार असं झाडाला वाटलं की ते फुलायच्या तयारीला लागतं, असं खुशालराव सांगतात. मग पाणी सोडायचं. पाणी कधी सोडायचं ते झाडाकडे पाहून ठरवायचं.

झाडाकडे पाहून.

प्रतीक्षा अमरावतीहून दोन दिवसांसाठी आली होती. तिथे ती डॉक्टरांच्या वेटिंग रूमसाठी चित्रं काढते. नारळ, होडी, समुद्र. समुद्र तिनं पाहिलेला नाही. फोनवर फोटो उघडायचा आणि काढायचं. एका डॉक्टरांनी नारळाचं चित्र फार हिरवं झालं म्हणून परत केलं होतं. ते तिच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभं होतं.

बागेत जेवताना तिला धुऱ्याकडची, बांधालगतची ही ओळ दिसली. गुंडाळलेली पानं. मागे पांढरं ऊन. घास हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी ती अमरावतीला जाऊन तैलरंग घेऊन आली. नवा कॅनव्हास नव्हता. नारळाचाच आणला, त्याच्यावरच रंग चढवायला घेतला.

राखाडी.

जाड, सुरीनं थापलेला. तिचा स्वतःचा पहिला राखाडी.

पाणी सोडायचा दिवस आला तेव्हा चित्र निम्मंच झालं होतं. खुशालराव या ओळीच्या पाण्याच्या कॉकवर हात ठेवून उभे होते.

"बाबा, एवढ्या ओळीचं पाणी थांबवा ना. पाणी दिलं की हा रंग जाईल."

"फोटू काढून ठेव ना वं."

"आजपर्यंत फोटो पाहूनच काढलं."

"लोकं हिरवं काढतात. तुले वाळकंच काहून आवडते?"

खुशालरावांनी झाडांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या गालावर रंग लागला होता. लहानपणी पाटीवर अक्षरं काढताना लागायची तशी खडूची रेघ वाटत होती.

"तिकडं मुरूम हाय, बेटा. पाणी धरत नाई तो."

"दोनच दिवस."

त्यांनी बाकीच्या ओळींचे कॉक उघडले. हा उघडला नाही.

दोनाचे किती झाले, दोघांनीही मोजलं नाही. ऊन वाढत गेलं. प्रतीक्षा सकाळी बसायची ती सावली पायाखाली येईपर्यंत. खुशालराव रोज विचारायचे, "झालं?" ती मान हलवायची, म्हणजे नाही. ते निघून जायचे. तिची आई पार्बताबाई डबा ठेवताना एकदाच बोलल्या.

"वारे बापलेक! एक झाडायले उपाशी ठेवते, अन् एक ठेवू देते."

मग एका सकाळी चित्रात ऊन उतरलं. म्हणजे काय झालं ते प्रतीक्षाला सांगता आलं नसतं. बुंध्यांच्या मधून ते आलं आणि तिथेच थांबलं. तिनं चित्राचा फोटो काढून मुंबईच्या एका प्रदर्शनाला निवडीसाठी पाठवला आणि बापाकडे पळत गेली. "सोडा, बाबा. सोडा पाणी." तिनं स्वतःच कॉक फिरवला. आळ्यांमध्ये पाणी चढलं. दोघं ते मुरताना बघत उभे राहिले.

त्याला आठवडा झाला. बाकीच्या ओळींवर नवती आली आहे, बोटाच्या पेराएवढी कोवळी पालवी. या ओळीवर काही नाही. आळ्यांमधली माती अजून ओली आहे.

खुशालराव शेवटच्या झाडाशी थांबतात. नख ओढतात. पुन्हा दुसरीकडे ओढतात. तिसरीकडे ओढत नाहीत. नख शर्टाला पुसत तिच्याकडे येतात.

"एकही नाही?"

"नाई."

"शेवटचं होतं ना थोडं हिरवं—"

"नाई वं."

ते तिच्या मागे उभे राहतात. तिच्या खिशातला फोन वाजून गेला आहे. तिनं तो पाहिला आहे.

"मुंबईवाल्यायनं काय कळवलं?"

"घेतलं."

"घेतलं ना? मंग रडतं काहून?"

खुशालराव चष्मा कपाळावर चढवून चित्राजवळ जातात. धुऱ्यापासून पहिलं झाड, दुसरं, तिसरं. हे वाकडं, ते रोप असताना त्यांनी याला काठीचा आधार दिला होता. याची यंदा छाटणी करायची होती. सगळी ओळखू येतात.

"बराबर काढली तू. अशीच होती."

त्यांचा हात उठतो. अंगठा शेवटच्या बुंध्याकडे जातो. जाड रंग आतून अजून ओला आहे, हे प्रतीक्षाला माहीत आहे. ती सांगत नाही.

ते नख ओढतात.

राखाडी सोलून नखात येतो. खाली हिरवं. परत आलेल्या नारळाचं.

खुशालराव आणखी जवळ वाकतात.

"हे पाह्य," ते म्हणतात, "हे जितं हाय."