घट्ट जमीन

कोयनेला भूकंप झाला आणि मद्रासच्या वीज मंडळातल्या साहेबांची झोप उडाली. शहराबाहेरच्या आवडी गावच्या तळ्यातल्या गाळात रोवलेले विजेच्या तारांचे मनोरे उद्या झोपड्यांवर कोसळले तर? ते घट्ट जमिनीवर हलवायचं ठरलं. सर्वेअर सेतुमाधवनं पलीकडचा माळ सुचवला. तिथं पहार मारून मेस्त्री घामाघूम झाला. साहेब खूश! “माती न तपासता कसं ओळखलंत?” “पूर्वी इथं मीच खणलंय, सार.” “कशाला?” सेतुमाधव मापाची फीत उलगडू लागला. दात न आलेलं मूल त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. मुलीसाठी खणताना तळहात सोलून निघाले, तरी खड्डा हातभरच झाला होता. त्यावरच्या दगडाला बायकोनं आज सकाळीच लावलेली हळद अजून ओली होती. इथं मनोरा येणार हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. “सार, मनोऱ्याचा चौथा पाय या दगडावरच येतोय,” मेस्त्री म्हणाला. “खणू?” सेतुमाधवनं दगड उचलून पोटाशी धरला आणि तो बाजूला झाला.