अपॉस्ट्रॉफीचा वाद

सदाशिव पेठेतल्या रंगनाथसरांनी चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या लेकीच्या, पूर्णिमाच्या, ईमेलमध्ये अपॉस्ट्रॉफी चुकली की तासाभरात त्यांचं पानभर उत्तर जायचं. "आता इथे सगळे असंच लिहितात, बाबा. चालतं," असा ती वाद घालायची आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा तेच करायची.

शेवटी सर वैतागले. "नियम बदललेत म्हणतेस, तर तसं. यापुढे तुझ्या चुका काढणार नाही," एवढंच त्यांनी कळवलं.

रविवारी तिचा फोन आला तेव्हा आई म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची."

पलीकडून पूर्णिमाने विचारलं,



"आई, बिनचूक मेलला बाबांनी कधी उत्तर दिलंय का गं?"