तेविसावी पायरी

"एक पायरी जास्त आहे," परीक्षक म्हणाले.

क्रेनबाईंना आधी वाटलं, दुसऱ्या कुणाच्या मॉडेलबद्दल बोलताहेत. पण भिंग त्यांच्याच क्रेनवर रोखलेलं होतं. गोदीतली ती पिवळी क्रेन, खरीच्या शंभराव्या हिश्श्याएवढी, स्पर्धेच्या टेबलावर हातभर उंच उभी होती. सव्वा वर्ष खपून बाईंनी ती बनवली होती. खरी क्रेन त्यांनी एकोणतीस वर्षं चालवली. जहाजांच्या पोटातला माल अलगद धक्क्यावर आणून ठेवला. म्हणून तर सगळे त्यांना क्रेनबाई म्हणत.

"पायथ्याच्या शिडीला मूळ आराखड्यात बावीस पायऱ्या आहेत. तुम्ही तेवीस केल्यात." परीक्षकांनी कागद पुढे सरकवला. गृहस्थांचा उभा जन्म आराखडे काढण्यात गेलेला. "बाकी काम असं आहे, की मी तोंडात बोटं घातली. सगळ्यात खालची तेवढी कापून टाका. निकाल लिहीपर्यंत दुरुस्ती चालते. पहिला नंबर तुमचाच."

"तेवीसच आहेत हो. रोज मोजत चढायचे मी."

"आराखडा कशाला खोटं बोलेल, ताई?"

पहिला नंबर बाईंना हवाच होता, आणि त्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं. शाळेत असताना भावाला बक्षीस मिळालेलं जहाजाचं किट त्यांनीच दोन दुपारी बसून जोडलं होतं. भाऊ मात्र ते स्वतःचं म्हणून गल्लीभर मिरवला. पुढे नोकरी, मुलं, घर. चाळीसेक वर्षं चिमटा हातात आला तो पोरांच्या पायातले काटे काढायला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी जेवणाचं अर्धं टेबल बळकावलं. त्यावर सँडपेपर, गोंद आणि रंगाच्या बाटल्या मांडल्या. नवरा उरलेल्या अर्ध्यावर मुकाट जेवायला लागला. आताही तो मॉडेलचं रिकामं खोकं मांडीवर घेऊन भिंतीशी खुर्चीत बसला होता. गोदीच्याच वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस, पण दिवसाकाठी चार वाक्यं बोलला तर खूप.

खरं तर आता नंबराचं फारसं काही राहिलं नव्हतं. अलीकडे बाईंचा चष्मा फ्रिजमध्ये सापडू लागला होता. सुनेला हाक मारायला जावं, तर तोंडात मुलीचं नाव यायचं. मुलं हसण्यावारी न्यायची, पण बाईंच्या मनात पाल चुकचुकायची. आणि आता हे तेवीसही चुकलं, तर आपलं म्हणून डोक्यात राहिलं काय? त्या शिडीवर तर बाईंची सगळी मिजास उभी होती. उंची चार फूट दहा इंच. हिचा पाय पहिल्या पायरीलाच पोचायचा नाही, असं अख्खी गोदी म्हणत होती. रुजू झाल्या त्या दिवशी सगळे हातातली कामं टाकून मजा बघायला जमले होते. बाई त्यांच्या नाकावर टिच्चून झपझप वर गेल्या. कुणाकडे कसली सवलत मागितली नाही, हे त्या अजूनही आल्यागेल्याला तिखटमीठ लावून सांगत.

परीक्षकांनी बारीक पात्याचा चाकू पुढे केला. बाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात शिडी चढल्या. तेवीस. खाली उतरून पुन्हा चढल्या. तेवीस. डोळे उघडले तर कागदावर बावीस. त्यांनी चाकू घेतला आणि पातं तारेच्या त्या इवल्याशा पायरीवर टेकवलं.

मग त्यांनी चाकू खाली ठेवला.

"गुण कापा, साहेब. पायरी मी कापणार नाही."

"साहेब," भिंतीकडून आवाज आला, "तुमचा कागद बरोबर आहे."

बाईंनी झटकन वळून नवऱ्याकडे पाहिलं. आता हाही? नवरा खोकं खुर्चीवर ठेवून टेबलाशी आला.

"कागद बरोबर आहे, आणि हिची मोजणीही बरोबर आहे. क्रेन आली तेव्हा पायऱ्या बावीसच होत्या. पहिली जमिनीपासून फार वर होती, हिचा पाय पोचला नसता. ही रुजू व्हायच्या आदल्या रविवारी मी खाली एक वेल्डिंग करून जोडली आणि वरून पिवळा रंग मारला."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. बत्तीस वर्षं सांगितलेली गोष्ट पायाखालून सरकल्यासारखं झालं. राग आला, हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"अहो, आणि इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू ती कापायला लावली असतीस." नवऱ्याची आजची चार वाक्यं केव्हाच संपली होती. "आणि माझी तर एकच होती. वरच्या बावीस तूच चढलीस. मी खाली उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, ती माझी बायको आहे म्हणून."

परीक्षकांनी भिंग खिशात टाकलं आणि पेन उघडलं. "मग ताई, काय लिहू?"

बाई चार फूट दहा इंचांत जेवढं ताठ होता येईल तेवढ्या ताठ उभ्या राहिल्या.

"तेवीस लिहा. आणि बनवणाऱ्यांत माझ्या नावाखाली ह्यांचंही लिहा, वेल्डर म्हणून."